रोज रात्री नऊला दहा प्रश्न: सामान्य ज्ञानाच्या ऑनलाइन खेळात नव्यानं येणाऱ्यांसाठी

पहिल्या रात्री पहिलाच प्रश्न आला: यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे? मी साताऱ्याचा. शाळेच्या निम्म्या सहली कराडच्या प्रीतिसंगमावर, त्यांच्या समाधीपाशी गेलेल्या. प्रश्न पुरता वाचायच्या आत बोट 'सातारा'वर पडलं. लाल फुली. बरोबर उत्तर, सांगली.

मग मी गटात जे काही लिहिलं ते आज वाचवत नाही. उत्तरतालिका चुकलीय, ॲडमिनला इतिहास येत नाही, वगैरे. शेवटी एकानं शांतपणे समजावलं. जन्म देवराष्ट्रे गावचा, १९१३ सालचा. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, आणि देवराष्ट्रे तिकडे गेलं. म्हणजे मी अगदीच खोटा नव्हतो. फक्त प्रश्नातला 'आज' हा शब्द मी वाचलाच नव्हता.

त्याला आता दोन वर्षं होतील. रात्री नऊ म्हणजे आम्ही मेडिकलचं शटर ओढायची वेळ, त्यामुळे निम्मे प्रश्न मी अजून काउंटरमागे उभ्यानं सोडवतो. या काळात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय.

१. कुठल्या गटात शिरायचं ते आधी बघा

हा खेळ साधारण तीन ठिकाणी चालतो.

व्हॉट्सॲपच्या गटात पोल टाकतात. सोपं आहे, सगळ्यांकडे असतं, पण खेळ म्हणून त्यात दम नाही. कुणी काय निवडलं ते उघड दिसतं आणि दिलेलं उत्तर बदलताही येतं. मग होतं काय, गटातल्या एका हुशार काकांनी काय टिचकी मारली ते बघून मागोमाग तीस जण तेच दाबतात. काका चुकले की सगळी पंगत चुकते.

टेलिग्रामवरच्या क्विझमध्ये एकदा बोट लागलं की संपलं. उत्तर बदलत नाही, बरोबर-चूक लगेच कळतं, आणि प्रश्न काढणाऱ्यानं स्पष्टीकरण टाकलं असेल तर दिव्याच्या छोट्या चिन्हावर दाबून ते वाचता येतं. प्रश्नागणिक वेळ लावता येते. आमच्याकडे तीस सेकंद असतात. नवख्यानं सुरुवात इथूनच करावी असं माझं मत.

तिसरा प्रकार गूगल फॉर्मचा. ठरल्या वेळी लिंक येते, तुम्ही निवांत सोडवता, गुण नंतर कळतात. निवृत्त मंडळींना हा आवडतो, कारण घाई नसते. एक खोच मात्र आहे. पर्याय न देता उत्तर लिहायला सांगितलं असेल, तर ते फॉर्ममध्ये भरलेल्या उत्तराशी अक्षरशः जुळावं लागतं. 'औदुंबर' लिहायच्या जागी 'औंदुबर' झालं की गुण गेला. मशीनला तुमच्या भावना कळत नाहीत.

गट शोधायला फार हिंडू नका. साताऱ्यात काय, सांगली-मिरजेत काय, अभ्यासिकेत एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी जी मुलं बसतात त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. प्रत्येकाच्या फोनमध्ये असे चार गट असतात. त्यातला शे-दोनशे माणसांचा, रोज ठरल्या वेळेला चालणारा, आणि ज्यात प्रश्नांखाली माणसं बोलतात असा निवडा. हजारोंच्या गटात तुमची शंका कुणी वाचत नाही.

२. जवळ काय लागतं

– साधा अँड्रॉइड फोन. महागडा लागत नाही, पण नऊ वाजता बॅटरी पाच टक्के नको.
– टेलिग्राम, आणि फॉर्मसाठी गूगलचं खातं.
– मराठी कीबोर्ड. बोलून टाइप करण्याची सोय चालू असेल तर उत्तमच.
– शंभर पानी वही आणि पेन. हसू नका, आठवा मुद्दा वाचा.
– शाळेचा नकाशासंग्रह. घरात मुलांचा जुना पडलेला असतो.
– पाचवी ते दहावीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात.
– मराठी विश्वकोश. त्याचं काम वाईत उभं राहिलं, छापील खंड वीस आहेत, आणि सगळं आता ऑनलाइन वाचता येतं. आपल्याच जिल्ह्यात एवढा खजिना असून मी तो चाळिशीत उघडला.

आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचा तपशील यातलं काहीही लागत नाही. कुणी मागितलं तर थेट दहाव्या मुद्द्यावर जा.

३. फोनची तयारी

व्हॉट्सॲपच्या गटात शिरलात की तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्याला इलाज नाही. टेलिग्रामवर आहे: सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा, 'फोन नंबर'वर जा आणि 'नोबडी' निवडा. तिथेच खाली तुम्हाला परस्पर गटात कोण ओढू शकतं याचीही सोय आहे, ती 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. नाहीतर आठवड्याभरात शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या दहा गटांत तुमचं नाव लागलेलं असेल. बायकांनी तर गटात जायच्या आधी हे करावंच.

गटाचा आवाज बंद ठेवा आणि आठ पंचावन्नचा गजर लावा. दिवसभर वाजणाऱ्या सूचनांनी माणूस वैतागून गट सोडतो. आमच्यातले निम्मे गळाले ते याच कारणानं, प्रश्न अवघड म्हणून नाही.

४. पहिले आठ दिवस नुसते खेळा, बोलू नका

गुण कसे मोजतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, बरोबरी झाली तर वेळ धरतात का, हे आपोआप समजतं. नियमांचा संदेश वर पिन केलेला असतो, तो वाचा. शुभ सकाळचे फुलांचे फोटो टाकू नका. आणि प्रश्न चालू असताना 'सोप्पा होता' असं लिहू नका. हे वाक्य वाचून ज्याला तो आला नाही तो उद्या येत नाही.

५. प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत वाचा

माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या चुका मी मोजल्या. माहीतच नव्हतं म्हणून चुकलेले कमी, येत असून चुकलेले जास्त. त्यातही सगळ्यात जास्त आपल्याच भागातले, कारण तिथं खात्री असते आणि खात्री असली की माणूस वाचत नाही.

नेहमीचे खड्डे सांगतो.

जन्म एकीकडे, काम दुसरीकडे. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. रयत शिक्षण संस्था स्थापन झाली १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावात. मुख्यालय साताऱ्यात. माणूस एक, प्रश्न तीन, उत्तरंही तीन. स्मृती मानधना सांगलीची, असं म्हणायला छाती फुगते, पण जन्म विचारला तर मुंबई. आशा भोसले मात्र जन्मानंच सांगलीच्या, १९३३ सालच्या. थोरल्या लताबाई इंदूरच्या. दोघी बहिणी पर्यायांत शेजारीशेजारी ठेवल्या की भलेभले घसरतात.

'मूळ गाव' हा शब्द दिसला की थांबा. महात्मा फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. सावित्रीबाईंचा जन्म नायगावचा, खंडाळा तालुक्यातला. पहिल्यात 'मूळ', दुसऱ्यात 'जन्म'. परीक्षेला बसणारी मुलं हे घोकून येतात, आपण साताऱ्याचे म्हणून सोडून देतो.

'पहिला' याच्या मागचे शब्द. खाशाबा जाधव, कराडजवळचं गोळेश्वर, १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक, कुस्तीत कांस्य. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण 'भारताचं पहिलं पदक' असा प्रश्न आला की उत्तर खाशाबा नाही. हॉकीची सुवर्णं त्याआधीची आहेत, आणि १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्डनं दोन रौप्यपदकं घेतली, तीही भारताच्या खात्यावर धरतात. खाशाबांचं पदक 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक'. दोन विशेषणं, आणि दोन्ही लागतात.

जिल्हा कधीचा. देवराष्ट्र्याची गोष्ट वर सांगितली. तीच गत प्रतिसरकारची. इतिहासात त्याला साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतात, पण क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आणि चळवळीचं मोठं केंद्र असलेलं कुंडल, ही दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात. १९४९ ची ती फाळणी एकदा डोक्यात बसली की असे दहा प्रश्न आपोआप सुटतात.

'नाही' आणि 'वगळून'. यावर जास्त लिहीत नाही. फक्त प्रश्न वाचताना 'नाही'वर बोट ठेवा. खरोखर ठेवा, स्क्रीनवर.

६. उत्तरंही शिळी होतात

जुन्या पुस्तकांतले प्रश्न उचलून टाकणारे ॲडमिन सगळीकडे आहेत. तुम्हीही शाळेत जे शिकलात तेच उत्तर देता. दोघंही जुने असलात तर जमतं, एक जण नवा असला की भांडण.

काही उत्तरं मला पुन्हा पाठ करावी लागली. महाराष्ट्रात जिल्हे ३६; पालघर २०१४ मध्ये झाला. देशात राज्यं २८, केंद्रशासित प्रदेश ८. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २०२० मध्ये एक झाले म्हणून नवाचे आठ. अभिजात भाषा सहा होत्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसह पाच वाढल्या, आता अकरा. उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालंय, पण पर्यायांत अजून जुनी नावं सापडतात.

सगळ्यात मजा आली ती जागतिक वारशाच्या प्रश्नाला. 'सातारा जिल्ह्यातलं युनेस्कोच्या यादीतलं ठिकाण कोणतं?' वर्षानुवर्षं याचं उत्तर कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा यादीत गेल्या, त्यातल्या महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. म्हणजे खरं तर तेव्हाही एकटं कास हे उत्तर अपुरंच होतं, कोयनाही साताऱ्यातच की. मग जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले यादीत आले, त्यात प्रतापगड. आमच्या ॲडमिननी जुना प्रश्न जसाच्या तसा टाकला, पर्यायांत कास आणि प्रतापगड दोन्ही. त्या रात्री गट साडेअकरापर्यंत जागा होता. मधेच एकानं अजिंक्यताऱ्याचं नाव घुसवलं. राजधानीचा किल्ला आणि यादीत नाही, हे त्याला पटेना. नाहीये. साताऱ्याचा एकटा प्रतापगड.

म्हणून कुठलंही संख्येचं किंवा नावाचं उत्तर पाठ करताना शेजारी साल लिहा. साल नसलेलं उत्तर म्हणजे तारीख नसलेलं औषध. आमच्या धंद्यात असा माल फळीवर ठेवत नाहीत.

७. गूगल आणि एआयचं काय

तीस सेकंदांत शोधून उत्तर देता येतं. आठवडाभर पहिला नंबरही लागतो. मग कुणीतरी आवाजी फेरी ठेवतं, तुमचं नाव पुकारलं जातं, आणि कोयनेचा भूकंप कुठल्या सालचा ते तुम्हाला सांगता येत नाही. १९६७, डिसेंबरची ११ तारीख, भल्या पहाटे. आमच्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा.

खेळ संपल्यावर मात्र जरूर शोधा. पण एआयवर डोळे मिटून विसंबू नका, निदान गावाकडच्या गोष्टींत. मी एकदा विचारलं, कृष्णा आणि वेण्णेचा संगम कुठे? त्यानं छातीठोक सांगितलं, कराड. अहो, कराडला कोयना मिळते. वेण्णा मिळते ती माहुलीला, साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी तिथं पोहायला शिकलो म्हणून सापडलं. गडचिरोलीची नदी असती तर मीही मान डोलावली असती.

८. वही ठेवा, पण चुकलेल्यांचीच

बरोबर आलेले प्रश्न लिहू नका. त्यांचं काय करायचंय? रोज दहातले तीन-चार चुकतात, तेवढेच लिहायचे. तेही सुटे लिहू नका. एका प्रश्नावरून त्याच्या भावकीतले चार गोळा करा. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो:

चुकलेला प्रश्न: हरिपूरला कृष्णेला कोणती नदी मिळते? (मी लिहिलं पंचगंगा. चूक.)
कृष्णा + वेण्णा: माहुली, सातारा
कृष्णा + कोयना: कराड
कृष्णा + वारणा: हरिपूर, सांगलीजवळ
कृष्णा + पंचगंगा: नृसिंहवाडी, कोल्हापूर जिल्हा
सावध: महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर वेगळं, कोल्हापूरची पंचगंगा नदी वेगळी. मंदिरातल्या पाच: कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते.

एक चूक, आणि त्या पानानं पुढं वर्षभरात मला सहा-सात गुण मिळवून दिले. रविवारी दुपारी पानं नुसती उलटायची. बायको म्हणते, दहावीला एवढा अभ्यास केला असतास तर. तिचंही खरं आहे.

नकाशासंग्रह याच वेळी उघडा ठेवा. नदी बोटानं वरून खाली नेली की संगम विसरत नाही.

९. उत्तरतालिका चुकीची वाटली तर

चुकते, नक्की चुकते. माझ्यासारखं भांडू नका. एमपीएससीची पोरं करतात तशी हरकत घ्या: प्रश्नाचा क्रमांक, तुमचं उत्तर, आधार काय, त्या पानाचा फोटो. आधार म्हणून शालेय पुस्तक, विश्वकोश, जिल्हा गॅझेटियर किंवा सरकारी पत्रक चालतं. फिरत आलेला संदेश, रील, 'माझ्या आजोबांनी सांगितलेलं' हे चालत नाही.

बहुतेक वेळा निकाल तीनपैकी एक लागतो. उत्तर बदलतं, किंवा दोन उत्तरं धरतात, किंवा प्रश्न रद्द होऊन सगळ्यांना गुण. रद्द झाला की ज्यांचं बरोबर आलेलं असतं ते चिडतात. त्यात पडू नका.

१०. कुणी पैशाचं बोललं की बाहेर

दोन अनुभव. एका गटात महिनाभर सगळं छान चाललं, मग 'महाअंतिम फेरी'ची वर्गणी ९९ रुपये आणि पहिलं बक्षीस मोबाइल. चाळीस-पन्नास जणांनी भरले, मी त्यातलाच. दुसऱ्या दिवशी गटच नव्हता. दुसरीकडे 'प्रमाणपत्रासाठी हे ॲप टाका' म्हणून एक फाइल आली. ती मी उघडली नाही, आमच्या गल्लीतल्या एकानं उघडली. त्याचा फोन पुरता साफ करून घ्यावा लागला.

नियम साधे ठेवा. खेळायला पैसे द्यायचे नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदीच आहे. गटात आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल उघडायची नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ॲडमिन ओळखीचा असला तरी. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

बक्षीस हवंच असेल तर आमच्याकडे महिन्याचा विजेता ठरतो आणि साताऱ्यातलाच असेल तर कुणीतरी त्याला कंदी पेढे नेऊन देतं. एकदा सांगलीच्या बाई जिंकल्या, तर त्यांनीच उलट बेदाणे पाठवले.

११. स्वतः प्रश्न काढायची पाळी आली की

दोन-तीन महिन्यांत येते. आमच्याकडे दर शनिवारी एक सभासद दहा प्रश्न काढतो. सोडवण्यापेक्षा हे अवघड.

प्रत्येक प्रश्नाला आधार आधी सापडला पाहिजे, प्रश्न मग. चार पर्याय एकाच जातीचे ठेवा. तीन नद्या आणि एक डोंगर असं नको. 'सर्वांत मोठा' विचारताना कशात मोठा ते लिहा. दहातले तीन कुणालाही यावेत, एक कुणालाच येऊ नये. सगळे प्रश्न आपल्या आवडीचे नकोत. मी पहिल्यांदा सहा कुस्तीचे काढले होते, गृहिणींनी सामूहिक निषेध केला. आणि टाकण्याआधी एका तरी माणसाला वाचून दाखवा.

हे शेवटचं मी स्वतः केलं नाही. मला एक प्रश्न सापडला होता आणि तो मी कुणालाही आधी सांगणार नव्हतो. दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा झालं, १९५४ मध्ये आणि २०२५ मध्ये. पहिल्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, दुसऱ्याच्या तारा भवाळकर. एक वाईचे, एक सांगलीच्या. सत्तर वर्षांच्या अंतरानं दोन्ही वेळा मान कृष्णाकाठाला! मी प्रश्न टाकला: 'दिल्लीत १९५४ मध्ये झालेल्या संमेलनाचे अध्यक्ष मूळचे कोणत्या जिल्ह्यातले?' उत्तर, सातारा. दिव्याच्या चिन्हात मोठ्या हौसेनं विश्वकोशाचा उल्लेख केला.

नऊ वाजून चार मिनिटांनी सांगलीच्या त्याच बेदाणेवाल्या बाईंची हरकत आली. तर्कतीर्थ वाईत राहिले, शिकले, विश्वकोश उभा केला तो वाईत, सगळं मान्य. पण जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. 'मूळचे' हा शब्द तुम्ही कुठल्या अर्थानं वापरलात, असं त्यांनी विचारलं होतं. सोबत पानाचा फोटो.

प्रश्न रद्द झाला. सगळ्यांना एक एक गुण.